लक्ष्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही

'झपाटलेला' टीव्हीवर लागला की हल्ली मला बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूची भीती वाटत नाही, त्याच्या तावडीतल्या लक्ष्याची काळजी वाटते. तो जे सांगतो ते शब्दन् शब्द खरं असतं आणि ऐकणारा एकही माणूस ते खरं मानत नाही. 1993 सालचा हा सिनेमा मी शाळेत असताना पाहिला, कॉलेजात असताना पाहिला, नोकरीला लागल्यावर पाहिला आणि आता घरातल्या पोरांबरोबर पाहतो. चित्र तेच आहे, त्यातला बाहुला तोच आहे. माझं लक्ष मात्र दर खेपेला त्या बाहुल्यावरून थोडं थोडं सरकत लक्ष्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं.

जालन्याहून मंठ्याकडे जाताना परतूरचा रस्ता जिथे फुटतो, ते आमचं वाटूर. सिनेमागृह गावात नव्हतं. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मांडायचा आणि लाइट टिकली तर रात्रभर एकामागून एक चित्रं बघायची, असा रिवाज होता. त्यात दिग्दर्शक महेश कोठारेंचं चित्र ठरलेलं असायचंच. 'धूमधडाका' (1985), 'थरथराट' (1989), 'धडाकेबाज' (1990) आणि मग 'झपाटलेला'. कोठारे स्वतः बालकलाकार म्हणून पडद्यावर आलेले, 1963 च्या 'छोटा जवान'मधले. पोराला खुर्चीच्या टोकावर कसं आणायचं हे त्यांना आतून ठाऊक होतं. खलनायकाला ते सहसा साधं नाव देत नसत. टकलू हैवान, कवट्या महाकाळ, कुबड्या खवीस, तात्या विंचू. ही नावं आम्हाला पाढ्यांपेक्षा लवकर पाठ झाली.

त्या वयात 'झपाटलेला' म्हणजे फक्त बाहुला. तो पडद्यावर नसला की आम्ही चुळबुळ करायचो. आवडी, गौरी, इन्स्पेक्टर महेश जाधव, कमिशनर झालेले जयराम कुळकर्णी ही सगळी मंडळी तात्या परत येईपर्यंत वेळ काढतात असं वाटायचं. 'ओम फट् स्वाहा' हा घोष शाळेच्या मैदानावर, विहिरीवर, कापसाच्या गंजीवर कुठेही व्हायचा. ज्याच्या अंगावर म्हटला त्याने थिजून उभं राहायचं, असा खेळच होता.

आमची आज्जी मात्र त्याच पडद्यावर दुसरंच चित्र बघत होती. मागच्या रांगेत पोतं टाकून बसलेली. आम्ही बाहुल्याला बघून किंचाळलो की म्हणायची, "त्या बाहुल्याला काय बघायलाव? त्या माउलीकडं बघा. एकुलतं एक लेकरू, अन् त्येलाच येडं ठरवायलेत." लक्ष्याच्या आईच्या भूमिकेत मधु कांबीकर होत्या. आज्जीला नटीचं नाव ठाऊक नव्हतं, पण तिला त्या चित्रात काय दिसत होतं हे समजायला मला पुढची पुष्कळ वर्षं लागली.

कॉलेजला औरंगाबादला गेलो. तिथे होस्टेलवर कुणीतरी 'चाइल्ड्स प्ले'ची सीडी आणली. टॉम हॉलंड यांचा 1988 सालचा अमेरिकन सिनेमा. पोलिसांच्या गोळीने घायाळ झालेला खुनी खेळण्यांच्या दुकानात शिरतो, मरता मरता मंत्र म्हणतो, त्याचा जीव बाहुल्यात जातो. सुटकेचा रस्ता एकच : ज्याला त्याने पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं, त्याच्याच शरीरात शिरायचं. 'झपाटलेला'चा सांगाडा तिथूनच आला, यात वादाला जागा नाही. त्या वयात एवढं कळणं पुरेसं होतं. चार मित्रांत बसून आम्ही तात्या विंचूला निकालात काढलं. उसनं आणलेलं भूत, त्याचं काय कौतुक, असा सूर होता. खेड्यातून शहरात आलेल्या पोराला आपल्या लहानपणाच्या आवडी झटकून टाकण्याची घाई असते, तीही त्यात होती.

पुढे दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कोठारेंनी उसन्या गोष्टीत केलेला एक बदल लक्षात आला आणि सगळ्या चित्राकडे बघण्याची नजर फिरली. 'चाइल्ड्स प्ले'तला बाहुला सहा वर्षांच्या अँडीच्या हाती पडतो. अँडीचं कुणी ऐकत नाही, कारण तो पोर आहे. श्रीरंगपूरचा लक्ष्या पोर नाही. तो शब्दभ्रमकार आहे, निदान तसं व्हायचं त्याचं स्वप्न आहे. ओठ न हलवता बोलायचं आणि समोरच्याला वाटायला लावायचं की बाहुलाच बोलतोय, ही त्याची कला. त्याला भेट म्हणून आलेला बाहुला म्हणजे दुकानातलं खेळणं नव्हे, त्याच्या कलेचं साधन आहे.

मग एक दिवस तो बाहुला खरंच बोलायला लागतो. आता लक्ष्याने काय करावं? ज्याने जन्मभर लोकांना सांगितलं की बघा, बाहुला बोलतो, त्याने आज तेच वाक्य जीव तोडून सांगितलं तरी लोकांना तो खेळच वाटणार. बाहुल्याच्या तोंडून आवाज आला तरी गाव लक्ष्याच्याच गळ्याकडे बघणार. त्याची कला जितकी चांगली, तितकी त्याची साक्ष खोटी. अँडीचं दुःख वयाबरोबर संपणारं आहे. लक्ष्याचं दुःख त्याच्या कौशल्यातूनच आलेलं आहे, त्यातून त्याला सुटता येत नाही. मूळ गोष्टीत नसलेला हा पेच मराठी चित्राने उभा केला आणि तो मूळ गोष्टीपेक्षा खोल आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच पेचाला आणखी एक घडी आहे. लक्ष्या बाहुल्यात आपला आवाज घालू पाहतो, आणि तात्या लक्ष्यात स्वतःला घालू पाहतो. खेळ दाखवणाराच दुसऱ्याच्या हातातला बाहुला होण्याच्या बेतात आहे. तात्याला लक्ष्याचं शरीर हवंय, म्हणजे आई लक्ष्या समजून ज्याला जेवू घालेल तो आतून तात्या असेल. लहानपणी मंत्र पुरा होईल का, एवढीच धाकधूक होती. आता तो पुरा झाला असता तर त्या घरात काय झालं असतं, याची कल्पना छातीत कळ आणते.

हे सगळं पडद्यावर उभं राहतं ते तीन माणसांच्या बळावर, आणि त्यातली दोन बाहुला बोलताना आपल्याला दिसतच नाहीत. बाहुला घडवला आणि चालवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील प्रा. वाय. के. पाध्ये हे आपल्याकडच्या शब्दभ्रमकलेचे आद्य कलावंत, अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचे जनक. म्हणजे तात्या विंचू हा परदेशी भुताचा मराठी वेश नाही. तो अर्धवटरावांच्या घरात वाढलेला बाहुला आहे. लक्ष्याच्या प्रेयसीचं नाव आवडी आणि अर्धवटरावांच्या बायकोचं नाव आवडाबाई, हा योगायोग असेलही, मला तो फार गोड वाटतो. बोलक्या बाहुल्याला हालचाली किती थोड्या! जबडा खालीवर, बुबुळं डावीउजवी, मान वळते. एवढ्याच भांडवलावर पाध्येंनी रागाचे, तुच्छतेचे आणि वाट बघण्याचे वेगवेगळे क्षण काढले. मला सगळ्यात भेदक वाटतो तो वाट बघणारा तात्या. माणसं खोलीत आली की तो निपचित पडतो, आणि आपण त्या न हलणाऱ्या डोळ्यांकडे बघत बसतो.

आवाज दिलीप प्रभावळकरांचा. सुरुवातीला हाडामांसाचा तात्या विंचू तेच, पुढे उरतो फक्त त्यांचा गळा. 1991 च्या 'चौकट राजा'त ज्याने मतिमंद नंदू केला आणि 2006 मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'त ज्याने गांधीजी उभे केले, तोच हा नट. नंदू, तात्या आणि गांधी एकाच गळ्यातून आले, हे मोठेपणी कळलं तेव्हा मी बराच वेळ थक्क होतो. तात्याच्या आवाजात त्यांनी राक्षसी घोगरेपणा आणला नाही. त्यात एक चिरका, चिडलेला सूर आहे : दरारा असलेला गुंड आता गुडघ्याएवढा झालाय आणि त्याला हे सहन होत नाही. आम्ही पोरं त्या आवाजाला भ्यायचो. आता त्यात मला अपमान ऐकू येतो. ज्या माणसाच्या नावाने लोक चळचळा कापायचे, त्याला हवं तिथे पोचायला कुणीतरी उचलून न्यावं लागतं. त्याच्या क्रौर्याला ही चीड धार देते.

आणि तिसरा लक्ष्मीकांत बेर्डे. त्यांची विनोदाची हत्यारं सगळ्यांना पाठ आहेत : शब्दावर शब्द आदळत बोलणं, विस्फारलेले डोळे, अंगभर सुटलेला कंप. बाकीच्या चित्रांत हे सगळं हशासाठी. 'झपाटलेला'त तेच हत्यार हळूहळू उलटं फिरतं. लक्ष्या घाबरून सांगायला लागतो, सांगता सांगता अडखळतो, आणि सिनेमातली माणसं हसतात, कारण लक्ष्या असाच आहे. बघणारे आपणही हसतो. म्हणजे श्रीरंगपूरच्या लोकांनी जो अन्याय केला त्यात प्रेक्षक म्हणून आपणही सामील होतो. विनोदी नटाला गंभीरपणे न घेण्याची आपली जी खोड, तिच्यावरच या भूमिकेची इमारत उभी आहे. हे कोठारेंनी योजून केलं की आपोआप झालं, मला त्याने फरक पडत नाही. पडद्यावर ते आहे.

आदल्याच वर्षी, 1992 मध्ये, जब्बार पटेलांच्या 'एक होता विदूषक'मध्ये बेर्डेंनी तमाशातल्या सोंगाड्याची शोकांतिका केली होती. लेखन पु. ल. देशपांड्यांचं. तिथेही त्यांची आई मधु कांबीकरच. लोकांना हसवणाऱ्या माणसाचं दुःख त्या चित्रात सरळ मांडलं होतं. ते नावाजलं गेलं, पण बेर्डेंना त्या रूपात बघायला लोक फारसे राजी नव्हते. 'झपाटलेला'त तीच मायलेकरं एका भुताच्या गोष्टीत येतात आणि जवळपास तेच दुःख गावोगावी पोचवतात. मी ही दोन चित्रं आता एकापाठोपाठ एक बघतो. कांबीकरांच्या चेहऱ्यावर, लेकाचं काय करावं हे न सुचणाऱ्या बाईची जी घालमेल आहे, ती बाहुल्याच्या गडबडीत हरवू नये असं वाटत असेल तर चित्र असंच बघावं.

खेड्यात राहिलेल्या माणसाला या गोष्टीतली एक बाजू अंगावर येते. गावात एकदा का एखाद्याला येडं म्हटलं, की त्याचं बोलणं संपलं. त्याने पाऊस येणार म्हटलं आणि पाऊस आला तरी लोक म्हणणार, येडं बी कधीतरी खरं बोलतंय. कुणाला बाहेरचं लागलंय म्हणायचं, कुणाला डोक्यावर परिणाम झालाय म्हणायचं. दोन्हींचा निकाल एकच, त्याचं ऐकायचं नाही. लक्ष्यावर आळ येतो, त्याला वेड्यात काढतात, तेव्हा एवढ्या लोकांत त्याच्या बाजूने पुराव्याशिवाय उभं राहणारं कुणी नसतं. लहानपणी ट्रॉलीसमोर बसलेलो आम्ही सगळेही असल्याच एका गावाचे होतो, आणि आमच्यातल्या कुणालाच हे खटकलं नव्हतं. आज्जीला खटकलं.

मोठेपणी एक गोष्ट मात्र बोचते, आणि ती प्रेमाखातर झाकावी असं मला वाटत नाही. बाबा चमत्कार. मांत्रिक, गुंडाला मृत्युंजय मंत्र देणारा. राघवेंद्र कडकोळांनी तो इतका रंगतदार केलाय की मन त्याच्यावर रागवायला तयार होत नाही. पण या जगात त्याचा मंत्र चालतो. ज्या मुलखात आजारी बाईला दवाखान्याआधी देवऋषाकडे नेतात, तिथल्या पोरांसमोर मंत्र चालताना दाखवणं ही साधी गोष्ट नाही. 'झपाटलेला 2' जून 2013 मध्ये आला. ऑगस्टच्या 20 तारखेला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. तेव्हापासून बाबा चमत्कार पडद्यावर आला की मला ते वर्ष आठवतं. अद्भुताच्या गोष्टीत मंत्र चालणारच, नाहीतर गोष्टच नाही, हे मान्य. तरी पोरांबरोबर बघताना मी तिथे थांबतो आणि त्यांच्याशी बोलतो. चित्राच्या बाजूने एवढं सांगता येईल की तात्याचा शेवट गंडेदोरे करत नाहीत, इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी करते.

दुसरा भाग मी जालन्यात थिएटरला पाहिला. वीस वर्षांनी आलेला, थ्रीडीतला. चष्मे लावून बसलेले बहुतेक जण माझ्या वयाचे, काहींच्या मांडीवर पोरं. तात्या प्रगटला तेव्हा शिट्ट्या आणि टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांतच दुसऱ्या भागाची अडचण होती. पहिल्या भागात आपण लक्ष्यासाठी भ्यायचो. आता सगळे तात्यासाठी आले होते. त्याची भीती कुणालाच उरली नव्हती, त्याच्यावर सगळ्यांचा जीव होता. आणि सिनेमातल्या माणसांना बाहुला जिवंत असतो हे ठाऊक झालेलं असल्यावर, ज्या अविश्वासावर पहिली गोष्ट तोलली होती तो आधारच गेला. पडद्यातून वस्तू अंगावर आल्या, पण काळजात काही रुतलं नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 ला गेले, वयाच्या पन्नाशीत. दुसऱ्या भागात लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे आहेत. मेहनतीने काम केलंय, पण तात्यासमोर थरथरणारं ते ठरावीक शरीर तिथे नाही. मकरंद अनासपुरेंनी आमच्या मराठवाड्याचा हेल आणला आणि जालन्याच्या थिएटरात त्यांच्या वाक्यांना सगळ्यात जास्त दाद मिळाली. आपली बोली मोठ्या पडद्यावर ऐकण्याचं सुख मोठं असतं. ती फक्त हशाच्या कामी येते याची खंतही त्याच वेळी वाटते.

बाहेर पडताना मी नाराज होतो. पुढे घरी शांतपणे पुन्हा पाहिला तेव्हा एका कारणासाठी त्याच्याविषयी ममता वाटली : मधु कांबीकर. पहिल्या भागातली आई दुसऱ्यात आज्जी झाली आहे. लक्ष्या नाही, त्याचा मुलगा आहे, आणि ज्या बाहुल्याने लेकाचा छळ केला तो आता नातवाच्या मागे लागलाय. त्या चित्रात जुन्या भयाची खरी आठवण असलेली जी मोजकी माणसं आहेत, त्यांत ही बाई आहे. तिला मिळालेली जागा थोडी आहे. पण ती पडद्यावर आली की थ्रीडीचा चष्मा नसतानाही चित्राला खोली येते. कथेचा मध्य तिला दिला असता तर? तिने पूर्वी लेकाचं ऐकलं नव्हतं, आता नातवाचं ती पहिल्या शब्दाला खरं मानते, एवढ्यावर एक उत्तम सिनेमा झाला असता.

आमच्या घरातली आजची पोरं तात्याला भीत नाहीत. मोबाइलवर त्यांनी जगभरची भुतं पाहिलेली असतात, आणि तात्या त्यांना चित्रांच्या रूपाने, एकमेकांना पाठवायच्या चेष्टेच्या रूपाने आधीच भेटलेला असतो. पण परवा 'झपाटलेला' चालू असताना पुतणीने विचारलं, "काका, तो खरं सांगतोय ना, मग हे ऐकत का नाहीत?" ती सात वर्षांची आहे. माझ्यापेक्षा तिला ते पुष्कळ लवकर दिसलं.

तिसऱ्या भागाची बोलणी अधूनमधून कानावर येतात. माझं मागणं थोडं आहे. बाहुला हाताने चाललेला असावा, पाध्येंच्या घराण्याची कला त्यात दिसावी, कॉम्प्युटरने रंगवलेला नको. बेर्डेंना यंत्राने पुन्हा उभं करण्याच्या फंदात कुणी पडू नये. त्यांचा कंप उसना आणता येणार नाही. आणि बाहुल्याची गाठ अशा कुणाशी पडावी ज्याचं गाव ऐकत नाही. एखादी ऊसतोड कामगाराची पोर, जी सहा महिने फडावर आणि सहा महिने गावात असते, म्हणून दोन्हीकडच्या शाळेत परकी. तिला तात्या विंचू भेटला आणि तिने ते मास्तरांना सांगितलं, तर मास्तर काय म्हणतील हे मला ठाऊक आहे.

असा सिनेमा आला तर मी पहिल्या दिवशी जालन्याला जाईन, पुतणीला घेऊन.